दोन नंबर आणि बोनस

रविवारी सकाळी सव्वाआठला मी मिसळीसाठी डबा घेऊन जिना उतरत होते, तेवढ्यात दादाचा मेसेज आला. "लागली!" आणि खाली तिकिटाचा फोटो. दादा कॅनडात मिसिसागाला असतो, तिकडे शनिवारची रात्र, लॉटरीची सोडत नुकतीच झालेली. मी तिथेच पायरीवर बसले. खरं सांगते, पाच सेकंदांत मी नाशिकच्या जेल रोडचा फ्लॅट विकून गंगापूर रोडला बंगला घेतला होता, कंपाउंडला बोगनवेलसुद्धा लावून झाली होती. मग दुसरा मेसेज आला. "दोन नंबर आणि बोनस. पाच डॉलर."

पाच डॉलर म्हणजे आपले तीनशेच्या वर काहीतरी. तिकीट तीन डॉलरचं. मी उठले आणि मिसळ आणायला गेले.

पण तो "आणि बोनस" दिवसभर डोक्यात बसून राहिला. कारण आमच्या घरात बोनस या शब्दाला फार वजन होतं. अण्णा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, १९२८ पासून इथे नोटा छापतात, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस रोज सकाळी तिकडे जायचा. बोनस म्हणजे दिवाळीचा बोनस. म्हणजे नवे कपडे, फटाके, एका वर्षी मिक्सर. तो आधी आईच्या हातात जायचा, अण्णांच्या खिशात नाही, कारण ऑफिस ते घर या रस्त्यात बिटको चौक लागायचा आणि बिटको चौकात जिन्याखाली लॉटरीचा स्टॉल होता. आई पाकीट मोजून घ्यायची आणि त्यातले वीस रुपये अण्णांना परत द्यायची. "हे तुमच्या भव्यतमचे."

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. सणासुदीच्या मोठ्या सोडतीला बंपर न म्हणता भव्यतम म्हणायचं हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण त्या माणसाला मानलं पाहिजे. भव्यतम! तिकीट हातभर, बक्षीस आभाळाएवढं.

अण्णांचं तिकीट घेणं बघण्यासारखं असायचं. दोरीला क्लिपांनी लावलेली तिकिटं, आणि हा माणूस दिवसभर नोटांच्या शीटा तपासून आलेला, त्यामुळे नंबर शुभ का अशुभ हे नंतर, आधी छपाई. तिकीट डोळ्यांजवळ न्यायचे, तिरपं करायचे, अंगठा फिरवायचे. "हा सात बघ, अर्धा केस वर बसलाय." स्टॉलवाला कंटाळून म्हणायचा, "अण्णा, लॉटरी आहे, नोट नाही." पण त्यांना फरक वाटत नसावा. नोटेवरही आधी सिरीज मग सहा आकडे, तिकिटावरही सिरीज आणि नंबर. दिवसभर एक नंबर बघायचा तो दुसऱ्याचा, संध्याकाळी एक घ्यायचा तो आपला.

तर रविवारी दादाला फोन लावला. म्हटलं हा बोनस काय प्रकार आहे, दिवाळी तर लांब आहे.

"अगं एकोणपन्नासमधले सहा नंबर आपण निवडायचे. ते सहा काढतात. मग सातवा काढतात तो बोनस."

"मग तू सात का नाही निवडत?"

"सात निवडायचेच नसतात. सहाच."

"मग सातव्याचा उपयोग काय?"

इथे दादा गडबडला. चार वर्षं तिकीट घेतोय आणि त्याला धड सांगता येईना. मी एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, न जुळणारी गोष्ट मला झोपू देत नाही. संध्याकाळी कपाटावरचा हाउजीचा डबा काढला. आमच्या सोसायटीत गणपतीत हाउजी असते, एक ते नव्वदच्या प्लास्टिकच्या गोट्या, त्यातल्या एक ते एकोणपन्नास वेगळ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि मुलाला बसवलं काढायला. आई पलंगावरून बघत होती. तिला वाटलं आम्ही नातवाच्या वयाला न शोभणारं काहीतरी करतोय.

मुलाने एक-एक करून सहा काढल्या, ओळीने पाटावर मांडल्या. मग सातवी काढून जरा बाजूला ठेवली. आणि ती बाजूला ठेवल्यावरच माझी ट्यूब पेटली.

सातवी गोटी त्याच डब्यातली आहे, पण पहिल्या बक्षिसाशी तिचा काडीचा संबंध नाही. पहिलं बक्षीस म्हणजे पाटावरच्या सहाच्या सहा. ती बाजूची गोटी फक्त ज्यांचं काहीतरी हुकलंय त्यांच्यासाठी आहे. समजा माझे पाच नंबर आले आणि सहावा चुकला. पाच बरोबर यायचे प्रकार किती? सहापैकी कुठला तरी एक राहिला, म्हणजे सहा तऱ्हा, आणि त्याच्या जागी मी डब्यात उरलेल्या त्रेचाळीसपैकी कुठलाही एक चुकीचा लिहिलेला, म्हणजे सहा गुणिले त्रेचाळीस, २५८. पहिल्या बक्षिसाचं कॉम्बिनेशन एकच, आणि त्याच्या आजूबाजूला २५८ "अरे एकाने हुकलं!". त्या २५८ मधले फक्त सहा असे की ज्यांचा चुकलेला नंबर म्हणजे नेमकी ती बाजूची गोटी. त्यांना दुसरं बक्षीस. बाकीच्या २५२ ना तिसरं.

म्हणजे बोनस नंबर कुणाला वर काही जास्तीचं देत नाही. तो हुकलेल्यांची रांग लावतो. कोण जरा बऱ्यापैकी हुकला आणि कोण साधा हुकला.

एकदा हे कळलं की बाकीचा हिशोब कागदावर येतो. एकोणपन्नासातून सहा निवडायचे एकूण प्रकार १,३९,८३,८१६. पहिलं बक्षीस यातलं एक. पाच आणि बोनस, २३,३०,६३६ मध्ये एक. नुसते पाच, ५५,४९१ मध्ये एक. चार नंबर हजारात एक, तीन नंबर साधारण ५७ मध्ये एक. आणि शंभरातली जवळपास ८५ तिकिटं अशी की ज्यांचा एकही नंबर येत नाही किंवा फक्त एक येतो, त्यांना काहीच नाही. हाउजीतसुद्धा जल्दी फाइव्ह, टॉप लाइन, मिडल, बॉटम, फुल हाऊस, सेकंड हाऊस असं सगळं असतंच ना, नाहीतर मागच्या रांगेतल्या काकू अर्ध्यातच वडे खायला उठल्या असत्या. बक्षिसांच्या पायऱ्या असतात त्या लोकांना बसवून ठेवायला.

आता यात एक गंमत सापडली, आणि अकाउंट्सवाल्या माणसाला राग यावा अशी गंमत आहे. दादाचे दोन नंबर आणि बोनस, हे ८१ मध्ये एका तिकिटाला होतं. तीन नंबर ५७ मध्ये एकाला. म्हणजे दादाची चिठ्ठी तीन नंबरवाल्यापेक्षा दुर्मिळ, पण तीन नंबरवाल्याला दहा डॉलर आणि दादाला पाच! मी हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू तिकडे बसून माझा आनंद का घालवतेस.

बरं, खालच्या पायरीवर नुसते दोन नंबर आले तर पैसे मिळतच नाहीत. फुकट तिकीट मिळतं, पुढच्या सोडतीचं. साधारण आठ तिकिटांमागे एकाला. हे ऐकलं आणि मला एकदम बिटको चौकातला तो जिना दिसला. अण्णांना अधूनमधून पन्नास रुपये, कधी शंभर लागायचे. शेवटच्या आकड्यांवर असायची ती बक्षिसं. अण्णा ते तिकीट घेऊन ऐटीत स्टॉलवर जायचे आणि स्टॉलवाला गल्ला उघडायचाच नाही, दोरीवरची पाच-सहा तिकिटं काढून पुढे करायचा. "पैसे कुठे घेता, लक्ष्मी चालू आहे तुमची." अण्णा घ्यायचे. लागलेले पैसे घरी आलेले मला एकदाही आठवत नाहीत. आपल्याकडे हे स्टॉलवाला गोड बोलून करायचा, कॅनडात ते नियमातच छापलंय, आणि इंग्लंडच्या लोट्टोतही २०१५ मध्ये दोन नंबर आले की फुकट तिकीट द्यायचा नियम आला.

दादाचे नंबर कुठले, तर घरातले वाढदिवस. अण्णांचा १४, आईचा ७, माझा २३, त्याचा स्वतःचा २, वहिनीचा १९, भाचीचा ३१. मी म्हटलं, अरे असे नंबर घेऊ नये. वाढदिवसवाले सगळे एकतीसच्या आतच घुटमळतात. एकतीसच्या वरचे घेतलेस तर लागायची शक्यता काही वाढत नाही, तेवढीच राहते, पण लागलं तर वाटेकरी कमी. वरच्या पायऱ्यांवरची बक्षिसं बऱ्याच ठिकाणी ठरलेली रक्कम नसते, एक गल्ला असतो आणि तो जितके जिंकले तितक्यांत वाटतात.

याचं जे उदाहरण आहे ना, ते वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले होते. २३ मार्च २०१६, इंग्लंडची लोट्टो. आकडे आले ७, १४, २१, ३५, ४१, ४२. आता हे आपल्या कुठल्याही मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला दाखवा, तो हेल काढून सुरू होईल, सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... अठ्ठावीस राहिला आणि एक्केचाळीस मधेच घुसला, बाकी साताचा पाढा. आणि साताच्या पाढ्यावर पैसे लावणारे तिकडे ४,०८२ लोक निघाले, सगळ्यांचे पाच-पाच नंबर आलेले. तेव्हा एरवी पाच नंबरला हजार पौंडांच्या आसपास मिळायचे. या सगळ्यांत तो गल्ला वाटला तर प्रत्येकाला आले पंधरा पौंड. त्याच सोडतीत तीन नंबरवाल्यांना पंचवीस पौंड मिळाले, कारण तीन नंबरचं बक्षीस ठरलेलं होतं, वाटून घ्यायचं नव्हतं! पाच बरोबर आणणारा तीन बरोबर आणणाऱ्यापेक्षा दहा पौंडांनी खाली. वर्गात पहिला आलेल्याला वही आणि तिसऱ्याला सायकल.

अमेरिकेत याहून भारी झालंय. तिथल्या पॉवरबॉलमध्ये शेवटचा नंबर वेगळ्या डब्यातून काढतात, आणि तो मात्र पहिल्या बक्षिसाला लागतोच, म्हणजे दादाच्या बोनससारखा बाजूला बसणारा नाही. ३० मार्च २००५ ला दुसऱ्या पायरीवर एकदम ११० लोक निघाले. अपेक्षा होती चारेक जणांची, त्यामुळे लॉटरीवाल्यांना वाटलं कुणीतरी लबाडी केली. चौकशीत निघालं काय, तर चायनीज जेवणानंतर जे भविष्याची चिठ्ठी घातलेलं बिस्कीट देतात, त्या चिठ्ठीवर हे आकडे छापलेले होते. एकाच कारखान्यातून गेलेली बिस्किटं. पाच बरोबर, सहावा चिठ्ठीवर ४० आणि निघाला ४२. बहुतेकांना एक लाख डॉलर मिळाले, ज्यांनी थोडे जास्तीचे पैसे भरलेले त्यांना पाच लाख. आणि तो ४२ च्या जागी खरंच ४० आला असता तर पहिलं बक्षीस एकशेदहा जणांत वाटावं लागलं असतं, हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तरी चाललं असतं.

आपल्याकडची पद्धत वेगळी. आपण नंबर निवडत नाही, छापलेला घेतो. वरचं बक्षीस पूर्ण नंबर आणि सिरीजला, खालची शेवटच्या चार आकड्यांना वगैरे. बोनससारखं काम आपल्याकडे ती सिरीज करते. केरळात २०२२ च्या ओणम बंपरला पहिलं बक्षीस २५ कोटी होतं, तिकीट ५०० रुपये. तोच नंबर पण दुसरी सिरीज असलेली नऊ तिकिटं होती, त्यांना समाधानपर पाच-पाच लाख. आकडा न् आकडा जुळला, एक अक्षर तेवढं वेगळं, आणि पाचशेपट फरक. त्या पाच लाखांतून वर ३० टक्के टीडीएस कापला जाणार, दहा हजारांच्या वर गेलं की तो आहेच, माझ्या डोक्यात लगेच टीडीएसचा दाखला फिरायला लागतो, काय करणार. कॅनडात दादाच्या पाच डॉलरवर टॅक्स नाही. पाच डॉलरवर कोण लावणार म्हणा, पण पाच कोटींवरही नाही.

पूर्वी एकेरी आकड्याच्या लॉटऱ्या होत्या, दिवसातून कितीतरी वेळा. त्यात पायऱ्या-बियऱ्या काही नाहीत, शून्य ते नऊ, लागला तर लागला. अण्णांच्या ओळखीच्या एकाची स्कूटर आणि नंतर बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या. १९९८ च्या कायद्याने ते बंद केलं, एका आकड्यावर बक्षीस देता येत नाही आणि एका लॉटरीची आठवड्याला एकाहून जास्त सोडत नाही. अण्णा त्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांना लांबलचक नंबर लागायचा, निवांत बघण्यासारखा.

आणि आता अण्णांच्या सत्तेचाळीस सतरा नंबरच्या तिकिटाची गोष्ट सांगते, नाहीतर हा सगळा हिशोब मी कशाला केला.

मी सहावीत होते. दिवाळीनंतरचा निकाल. पेपर सलूनमध्ये यायचा, अण्णा मला पाठवायचे नंबर उतरवून आणायला, कारण माझं अक्षर चांगलं आणि सलूनवाला मला काही म्हणायचा नाही. हजार रुपयांचं बक्षीस शेवटच्या चार आकड्यांवर होतं. मी वहीत लिहून आणलं, ४७१८. अण्णांनी तिकीट काढलं. ४७१७.

अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मग म्हणाले, "मागचंच होतं." म्हणजे दोरीवर त्यांच्या तिकिटाच्या बरोबर मागे ४७१८ लावलेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं होतं. त्यावरच्या आठाची शाई जरा पसरलेली दिसली म्हणून परत लावून पुढचं घेतलं होतं.

पुढची वीस वर्षं ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळाली. सोयरिकीला आलेल्या माझ्या सासरच्यांनासुद्धा. "थोडक्यात हुकलं" हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य झालं होतं, दादाला बारावीला दोन मार्क कमी पडले तेव्हाही तेच.

आता हाउजीच्या गोट्या समोर मांडून बसल्यावर मी ते गणित केलं. चार आकड्यांचे नंबर दहा हजार. प्रत्येक घराचा आकडा वेगळा निघतो, शेवटच्या घरात आठ येताना तो सातला विचारून येत नाही. सोडतीच्या हिशोबी ४७१७ हा ४७१८ च्या जवळ नाहीच, ०३६२ जितका लांब तितकाच हाही लांब. जवळ आहेत ते फक्त छपाईत आणि दोरीवर. आणि एकाच घरात चुकलेले नंबर मोजले तर चार घरं, प्रत्येक घरात नऊ चुकीचे आकडे, म्हणजे एका जिंकलेल्यामागे छत्तीस "थोडक्यात हुकलं". दोरीवर मागचं-पुढचं असलेले दोघं तर हमखास. त्या दिवाळीत महाराष्ट्रात अण्णांसारखे किती जण चष्मा पुसत बसले असतील, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटलं असणार की हे फक्त माझ्याशीच झालं. पुढच्या आठवड्यात सगळे परत स्टॉलवर. दादाच्या लॉटरीने एवढंच केलं की २५८ हुकलेल्यांतल्या सहांना त्या हळहळीचे पैसे लावून दिले.

हे अण्णांना सांगायला हवं होतं असं वाटतं, आणि नको होतं असंही वाटतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, मान डोलावली असती, आणि म्हणाले असते, ते सगळं खरं गं, पण आठाची शाई पसरली होती.

गोट्या डब्यात भरताना आई म्हणाली, "दादाचे कुठले नंबर आले?"

मी म्हटलं, "चौदा आणि तेवीस. अण्णा आणि मी. आणि बोनस सात."

"सात म्हणजे मी."

"हो."

"मग मला वेगळं का मोजलं?"

मी तिला पाटावर परत मांडून दाखवलं, या सहा, ही सातवी बाजूला. तिला ते फारसं पटलं नाही. आयुष्यभर स्वयंपाकघरात सगळ्यांचं झाल्यावर जेवलेल्या बाईला बाजूची गोटी म्हणजे काय हे आपण सांगू नये. तिने वेगळंच विचारलं. "मी आले नसते तर त्याला किती मिळाले असते?"

चांगला प्रश्न होता, मलाही सुचला नव्हता. ती आली नसती तर नुसते दोन नंबर. म्हणजे पैसे नाहीत, फुकट तिकीट, तीन डॉलरचं. ती आली म्हणून रोख पाच.

"म्हणजे तिकिटाऐवजी पैसे मिळाले," आई म्हणाली.

"हो. आणि दोन डॉलर जास्त."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "फोन लाव त्याला. परत तिकीट घ्यायचं तर घे म्हणावं तीनचं. वरचे दोन इकडे पाठव."